गोपाळरावांचं माफीपत्र

आमच्या निर्ण्यात जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून पिलेग येतो. बघितलेलं आता कुणीच उरलं नाही, पण ऐकलेलं आहे. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, माळावर कडब्याची खोपटं घालायची, आणि गावातली हवा सुधारली असं चार जाणत्यांनी म्हटल्याशिवाय परत उंबरा ओलांडायचा नाही. आज्जी हे सांगायची, तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.

मार्च २०२० मध्ये करोनानं देशातला पहिला नोंदलेला मृत्यू झाला तो कलबुर्गीत. कलबुर्गी म्हणजे आमच्यासाठी काही टीव्हीतलं गाव नाही. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडंच. त्या आठवड्यात फोनवर इतकं काही येत होतं की कशावर विश्वास ठेवावा ते कळेना. आणि पहिल्यांदा एका कायद्याचं नाव कानावर पडलं: साथरोग कायदा, १८९७. सव्वाशे वर्षं जुना, जेमतेम चार कलमांचा. हा कायदा कुणी, कशासाठी केला ते शोधायला गेलो आणि वाटेत गोपाळ कृष्ण गोखले भेटले. शाळेत शिकलो होतो ते गांधीजींचे राजकीय गुरू, मवाळ पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक. दोन मार्कांचा माणूस. त्यांच्या आयुष्यातला १८९७ चा उन्हाळा आणि पावसाळा मात्र पाठ्यपुस्तकात नव्हता.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक इथला. वडील कृष्णराव कागलला नोकरीला होते. मुलाला जेमतेम तेरावं वर्ष लागलं तेव्हा वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव, तेही पोरसवदाच. त्यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले. उरलेल्या सातात घर चालायचं. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एक गोविंदराव असतो, त्याचं चरित्र कुणी लिहीत नाही.

एक शाळकरी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. घरचा अभ्यास म्हणून दिलेली गणितं गोपाळची बरोबर आली, मास्तरांनी पहिल्या नंबरावर बसवलं, आणि पोरगं रडायला लागलं, कारण एक गणित दुसऱ्याच्या मदतीनं सोडवलेलं होतं. खरी असो नसो, ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. आय.सी.एस., इंजिनियर, वकील असे विचार डोक्यात येऊन गेले, पण शेवटी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. तिथून डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज. टिळक आणि आगरकर तिथंच. वीस वर्षं अल्प पगारावर शिकवायचं अशी त्या संस्थेच्या आजीव सभासदांची शपथ होती, आणि गोपाळरावांनी ती पाळली. गणित शिकवायचे, इंग्रजी शिकवायचे, वेळ पडली तर इतिहास आणि अर्थशास्त्रही. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर देशभर चाललं.

पण मास्तरकीबरोबर दुसरा धंदा होता तो लिहिण्याचा. १८८८ मध्ये आगरकरांनी सुधारक काढला. मराठी बाजू आगरकरांची, इंग्रजी बाजू गोखल्यांची. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं संपादनही त्यांच्याकडे आलं. हे त्रैमासिक म्हणजे आकड्यांचं रान. जमाखर्च, शेतसारा, मिठावरचा कर, लष्कराचा खर्च. न्यायमूर्ती रानडे त्यांच्याकडून एकेक मजकूर पुन्हापुन्हा लिहून घ्यायचे. सरकारच्या पुस्तकातला आकडा शोधायचा, ताडून बघायचा आणि मगच छापायचा. रानड्यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस आधार नसताना एक ओळ लिहिणार नाही, अशी ख्याती झाली होती. म्हणूनच पुढचं जे घडलं त्याचं आश्चर्य वाटतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाचे रोगी सापडायला लागले. हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखलं आणि तोंडानं सांगितलं ते मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. सुरुवातीला त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, कारण मुंबईचा व्यापार बसला असता. पुढचे काही महिने मुंबईतून माणसं गाठोडी बांधून पळत होती आणि रोगही त्यांच्याबरोबर रेल्वेनं फिरत होता. नव्या वर्षात पुण्यानं प्लेग धरला.

आता त्या वेळी शास्त्राला काय माहीत होतं ते बघा, नाहीतर पुढची हकिगत नीट कळणार नाही. प्लेगचा जंतू येर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. हाफकिन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवत होता आणि १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण जंतू माणसापर्यंत येतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उंदरावरच्या पिसवांचं कोडं पॉल-लुई सिमाँ यानं कराचीत सोडवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९७ मध्ये सरकार जे काही करत होतं, घर धुणं, चुना फासणं, कौलं काढून ऊन आत सोडणं, कपडे आणि अंथरुणं जाळणं, ते सगळं अंदाजावर. रोगी माणूस आणि घाणेरडं घर हेच मूळ, असा तो अंदाज. उंदीर पडले की गाव सोडा हे आमच्या आज्जीच्या सासूचं शास्त्र त्यापेक्षा जास्त कामाचं होतं म्हणायला हरकत नाही.

४ फेब्रुवारी १८९७ ला तो कायदा आला. सरकारनं साथ रोखण्यासाठी हवे ते नियम करावेत, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि या कायद्याखाली चांगल्या हेतूनं काही केलं असेल तर त्याबद्दल कुणावर दावा लावता येणार नाही. हे शेवटचं चौथं कलम नीट वाचण्यासारखं आहे. कोर्टाचं दार बंद झालं की तक्रार घेऊन जायला एकच दार उरतं, ते वर्तमानपत्राचं.

पुढच्याच महिन्यात पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली. अध्यक्ष रँड, बरोबर कर्नल फिलिप्स आणि डॉक्टर कॅप्टन बेव्हरिज. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठापेठांतून घरोघर शिरत होत्या. स्वयंपाकघरात, देवघरात, बूट घालून. बायकांना रस्त्यावर उभं करून काखा आणि जांघा तपासल्या जात होत्या, गाठ आहे का ते बघायला. रोगी सापडला की तो इस्पितळात आणि घरची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात. सामानातलं काय जाळलं, काय खिशात गेलं, याचा हिशेब कुणी देत नव्हतं. याच दिवसांत, १० मार्चला, रोग्यांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या.

टिळक पुणे सोडून गेले नाहीत. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना त्यांनी केसरीतून फटकारलं, हिंदूंसाठी वेगळं इस्पितळ उभं करायला मदत केली. आधी सरकारच्या उपायांना लोकांनी साथ द्यावी असंच त्यांचं म्हणणं होतं. तपासण्यांचा जाच वाढला तशी केसरीची भाषा तापत गेली.

गोपाळराव या सगळ्यात नव्हते. ते इंग्लंडात होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला लॉर्ड वेल्बीच्या अध्यक्षतेखाली शाही कमिशन बसलं होतं, त्यापुढे साक्ष द्यायला दिनशा वाच्छांबरोबर ते मार्चमध्ये निघाले. वय एकतीसही पुरं नाही. वाटेत फ्रान्सच्या कॅले बंदरावर अपघात झाला, छातीला जबर मार बसला. त्या दुखण्यानं पुढे कधी पाठ सोडली नाही. तरी एप्रिलमध्ये त्यांनी साक्ष दिली आणि मुरलेल्या साहेबांच्या उलटतपासणीला आकड्यांनी उत्तरं देऊन सर्वांना चकित केलं. दादाभाई नौरोजी, सर विल्यम वेडरबर्न खूश. एखाद्या तरुण मास्तराच्या आयुष्यात याहून मोठं काय घडायचं?

आणि मग पुण्याहून पत्रं यायला लागली.

पत्रं लिहिणारे ओळखीचे, मानाचे, जबाबदार लोक होते. त्यांत सोजिरांच्या वागण्याच्या हकिगती होत्या. एका पत्रातली हकिगत फारच भयंकर. दोन बायकांवर सोजिरांनी अत्याचार केला आणि त्यातल्या एकीनं नंतर जीव दिला, असं त्यात होतं.

जोडीला आणखी एक कागद होता. मे महिन्यात बॉम्बे गार्डियन या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पंडिता रमाबाईंचं पत्र छापून आलं होतं. प्लेगच्या इस्पितळात आणि कॅम्पात बायकांची काय दशा आहे, पुरुष डॉक्टरांपुढे त्यांना कसं उभं केलं जातं, हे त्यांनी उघड लिहिलं. त्यांच्या शारदा सदनातल्या एका मुलीला तिकडे नेलं होतं. ती परत आली नाही, आणि तिथल्याच एका पहारेकऱ्यानं तिला ठेवून घेतल्याचं त्यांना कळलं, तेही त्यांनी दडवलं नाही. रमाबाई काही टिळकपक्षाच्या नव्हत्या. उलट, पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांना केव्हाच वाळीत टाकलेलं होतं. त्या ख्रिस्ती होत्या, इंग्लंड-अमेरिकेत त्यांना मान होता, सरकारशी भांडून त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तो मजकूर चुकीचा आणि दिशाभूल करणारा ठरवून टाकला. (जाता जाता: याच रमाबाई आणि त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांच्या प्रयत्नातून पुढे आपल्या गुलबर्ग्यात शाळा निघाली. तिच्यावर कुणीतरी वेगळा लेख लिहायला हवा.)

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव. गणेशखिंडीतल्या सरकारी बंगल्यातून रात्री परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला गेला. लंडनची वर्तमानपत्रं पेटली. पुण्याचे ब्राह्मण आणि पुण्याची देशी पत्रं यांनीच हा खून घडवला, असा एकच सूर.

या गदारोळात गोपाळराव बोलले. पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे बोलले आणि जुलैच्या सुरुवातीला मँचेस्टर गार्डियनला मुलाखत दिली. पुण्यात लोक का चिडले ते सांगताना पत्रांतल्या हकिगती सांगितल्या. त्या दोन बायकांचीही. आपण ही गोष्ट विश्वासू माणसांकडून ऐकली आहे, परत गेल्यावर पुरावा मिळवून देतो, असंही म्हणाले.

इथं मला थोडं थांबायचंय. त्यांनी चूक केली का? पत्रकारितेच्या नियमानं बघितलं तर हो. पत्र हाती होतं, पण साक्षीदार नव्हता. ज्या बाईवर हे गुदरलं तिचं नाव नाही, घर नाही, पेठ नाही. रानड्यांच्या त्रैमासिकात असा मजकूर त्यांनी स्वतःच परत पाठवला असता. पण दुसऱ्या बाजूनं बघा. १८९७ च्या पुण्यात अशी कुठली बाई, कुठला नवरा, कुठला बाप पुढे येऊन सरकारी चौकशीत हे सांगणार होता? ज्या गोष्टीचा पुरावा मागितला की गोष्टच नाहीशी होते, ती लिहायची कशी? मला याचं सरळ उत्तर येत नाही. मँचेस्टरच्या वाचकाला हे कळणं गरजेचं होतं, एवढं मात्र वाटतं. ते कसं सांगायला हवं होतं, हा वेगळा प्रश्न.

सरकारला हा वेगळा प्रश्न नको होता. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबईला तारा केल्या, मुंबई सरकारनं पुण्यात विचारणा केली, कुणी पुढे आलं नाही. झालं. आरोप म्हणजे दुष्ट हेतूनं रचलेली कहाणी ठरली. पार्लमेंटात सर मंचरजी भावनगरींसारखे हिंदी सभासदही गोखल्यांवर तुटून पडले. वेडरबर्न आणि दादाभाईंना मान खाली घालायची पाळी आली.

गोपाळराव बोटीवर होते तेव्हा इकडे काय चाललं होतं ते तारखांसकट बघा. २७ जुलैला मुंबईत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक. त्याच सुमाराला पुण्याचे सरदार नातू बंधू १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली उचलले गेले. खटला नाही, आरोपपत्र नाही. इतर मराठी पत्रांच्या संपादकांवरही खटले भरले. पुण्यात ज्यादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च शहरावरच टाकला. ज्यानं ज्यानं साथीबद्दल काही लिहिलं होतं तो तो माणूस आता संशयित.

एडनला बोट लागली तेव्हा गोपाळरावांच्या हाती पुण्याच्या मित्रांची पत्रं पडली. मजकूर एकच: आमचं नाव फोडू नका. मुंबईला बोट लागते न लागते तोच पोलिसांचा मोठा अधिकारी चौकशीला हजर. पत्रं कुणाची? गोपाळरावांनी सांगितलं नाही. त्या दिवसांत एक नाव सांगितलं असतं तर तो माणूस नातूंच्या शेजारच्या कोठडीत गेला असता, यात शंका नाही.

मग उरलं काय? आरोप सिद्ध करायचा तर नावं द्यायला हवीत. नावं द्यायची नाहीत तर आरोप मागे घ्यायला हवा. तिसरी वाट होती, गप्प बसायची. तेव्हाचे बहुतेक शहाणे लोक त्या वाटेनं गेले असते. त्यांनी रानड्यांचा सल्ला घेतला, फेरोजशहा मेहतांचा घेतला. पुण्यात आपल्या परीनं चौकशी केली, पण हाती धरण्यासारखं काही लागेना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माफीपत्र छापून आलं. गव्हर्नरची माफी, प्लेग कमिटीची माफी, सोजिरांचीही माफी. कुठलीही अट न घालता.

माफीनं कुणीच समाधानी झालं नाही. गोऱ्यांच्या पत्रांनी टाळ्या पिटल्या आणि वर विचारलं की इतकी मोठी थाप मारलीच कशी. आपल्या लोकांनी भेकड म्हटलं. सोजिरांची माफी तर कुणाच्याच घशाखाली उतरेना, कारण ज्यांच्या चुली बुटांनी तुडवल्या गेल्या होत्या ते अजून पुण्यातच राहत होते. माझंही तेच मत आहे, स्पष्ट सांगतो. त्या दोन बायकांची गोष्ट सिद्ध होत नाही, ती मागे घेतो, एवढं पुरेसं होतं. बाकी जाच तर सगळ्या शहरानं डोळ्यांनी बघितला होता. एक ओळ चुकली म्हणून पूर्ण पानच फाडलं गेलं, आणि सरकारला नेमकं तेच हवं होतं. आजही कुठल्या बातमीतला एक तपशील चुकला की सगळी बातमीच खोटी म्हणून बोंब होते, तो डाव नवा नाही.

रमाबाईंनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही.

टिळकांनाही माफीचा मार्ग सुचवणारे स्नेही होते. ते बधले नाहीत. सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅचींपुढे खटला चालला. नऊ ज्युरी, त्यांतले सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी. गंमत अशी की खटला प्लेगवरच्या लेखांवरून नव्हता, शिवाजी उत्सवाच्या वेळी छापलेल्या मजकुरावरून होता. चीड एका गोष्टीची असते आणि कलम दुसऱ्या गोष्टीला लागतं. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कायदाच घट्ट केला गेला. राजद्रोहाचं १२४-अ कलम रुंदावलं, १५३-अ नव्यानं आलं, आणि अफवा पसरवण्याबद्दलचं ५०५ कलम पुन्हा लिहून काढलं. करोनाच्या दिवसांत पत्रकारांवर जे गुन्हे दाखल झाले त्यांच्या बातम्यांत हे ५०५ वाचलेलं काहींना आठवत असेल. प्लेगचं अपत्य आहे ते.

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गोखल्यांवर लोक इतके चिडलेले की त्यांना व्यासपीठावर बोलू देणंही अवघड होऊन बसलं. काही महिन्यांपूर्वी ज्याच्या साक्षीचं कौतुक व्हायचं तो आता तोंड लपवायचा धनी झाला. सार्वजनिक जीवन सोडून द्यावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

सोडलं नाही. पुण्यात प्लेग पुन्हा आला, मग परत आला. साथ म्हणजे एकदा येऊन जाणारी गोष्ट नव्हती, दरवर्षी थंडीबरोबर यायची. गोपाळराव स्वयंसेवक म्हणून कामाला लागले. घरोघर जायचं, रोगी कुठं आहेत बघायचं, लोकांना समजवायचं, तपासणीच्या वेळी जाच होऊ नये म्हणून स्वतः हजर राहायचं. सरकारनंही तोवर सोजिरांचा खाक्या बराचसा सोडला होता, कारण त्यानं रोग हटत नाही, लोक रोगी लपवतात, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. इंग्लंडात ऐकीव माहितीवर बोललेला माणूस आता त्याच पेठांतून पायी हिंडून डोळ्यांनी बघत होता. मला त्यांच्या आयुष्यातलं हे काम सगळ्यात आवडतं, आणि चरित्रांत त्याला अर्धं पान मिळतं.

पुढचं बरंचसं आपल्याला माहीत असतं, म्हणून भराभर सांगतो. १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळ, १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्ती आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्रवेश, दरवर्षी अंदाजपत्रकावरची ती गाजलेली भाषणं. १९०५ मध्ये भारत सेवक समाज, त्याच वर्षी बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक, जे पुढच्या वर्षी सरकारी मतांनी पाडलं. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिका, गांधींबरोबर.

त्यातली दोन भाषणं मात्र या लेखाच्या कामाची आहेत. १९०३-०४ मध्ये कर्झननं सरकारी गुपितांचा कायदा कडक करायला घेतला. लष्करी गुपितांबरोबर साध्या मुलकी कारभारातली माहितीही त्यात ओढली, आणि निर्दोष असल्याचं आरोपीनंच दाखवावं असा रोख ठेवला. गोखले उभे राहिले आणि म्हणाले की यानं वर्तमानपत्रांचं कामच थांबेल, अधिकाऱ्याच्या चुकीवर उजेड पडायची एकुलती एक खिडकी बंद होईल. आपली खिडकी कशी बंद झाली होती हे आठवतच ते बोलले असणार, असं मला वाटतं. नावं न सांगता माहिती देणारी माणसं आणि ती नावं मागणारं सरकार, हे त्यांच्याइतकं जवळून त्या सभागृहात कुणी बघितलेलं नव्हतं.

दुसरं भाषण १९१० चं. छापखान्यांकडून आणि पत्रांकडून जामीन मागणारा प्रेस अॅक्ट आला. तेव्हा बाँबचे आणि खुनांचे दिवस होते, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. गोखल्यांनी काही दुरुस्त्या सुचवल्या, नाइलाज बोलून दाखवला, पण कायद्याला विरोध केला नाही. पुढे या कायद्यानं कितीतरी देशी पत्रांचे गळे आवळले. गोखल्यांचे चाहते यावर फार बोलत नाहीत. मला हे पान वाचून वाईट वाटलं. १८९७ नंतर त्यांना बेजबाबदार छापील शब्दाची भीती बसली होती का? स्वतःच्या एका वाक्यानं काय काय झालं ते त्यांनी भोगलेलं होतं. त्या भीतीपोटी सरकारवर जरा जास्तच भरवसा ठेवला गेला असं दिसतं. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्यांकडून वसूल होऊ नये, असं मला म्हणावंसं वाटतं, पण मी कोण म्हणणार? मी मंडालेतही नव्हतो आणि कलकत्त्याच्या त्या सभागृहातही नव्हतो.

मघाशी सांगितलेली शाळकरी गोष्ट आता आठवा. मदत घेतली होती म्हणून रडलेला मुलगा. चरित्रकारांना ती गोष्ट आवडते, कारण माफीपत्राशी तिचा धागा जुळतो: हा माणूस लहानपणापासून असाच, खोटं पचत नसे. जुळवायला सोपं आहे. पण गणित बरोबर होतं, एवढंच, ते कुणाच्या मदतीनं सुटलं ते सांगायचं राहिलं होतं. १८९७ मध्ये तर उलटं होतं. गणित बरोबर आहे की चूक ते आजतागायत कुणाला ठरवता आलेलं नाही, आणि मदत कुणाची घेतली तेवढंच त्यांनी सांगितलं नाही.

प्रकृती कॅलेच्या त्या मारापासून कधी धड राहिली नाही. मधुमेह जडला, हृदय थकलं. १९१४ मध्ये सरकारनं सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ ला रात्री पुण्यात ते वारले. वय अठ्ठेचाळीस.

टिळक मंडालेहून सुटून वर्षही झालं नव्हतं. ते तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच गड उतरून आले आणि स्मशानात चितेजवळ उभं राहून बोलले. वीस वर्षं ज्याच्याशी भांडण, ज्याला केसरीनं कितीदा बोचकारलं, त्याच्याबद्दल भरभरून बोलले. ऐकायला जमलेल्या पुणेकरांत ती जुनी पत्रं लिहिणारेही कुणी असतीलच, आता साठीला आलेले. त्यांची नावं गोपाळरावांबरोबरच गेली.